सहा आठवडे तोंड बंद

मलमाचा वास आला की मला परळच्या दवाखान्यातली ती बंद पाकिटं आठवतात. मानदुखीवर कुठला इलाज चांगला, याचा तिथे अभ्यास चालला होता. मी आणि शेजारच्या खोलीतली माझी जाऊ, दोघींनी नावं दिली. कुणाला कुठला इलाज, ते चिठ्ठी काढल्यासारखं पाकिटातून ठरायचं. माझ्या पाकिटात मानेचे व्यायाम निघाले, तिच्या पाकिटात नुसतं मलम आणि शेक. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "आजी, सहा आठवडे त्यांना व्यायाम दाखवू नका हं, नाहीतर आमची सगळी मेहनत वाया." आता लालबागच्या चाळीत दिवसा दार कोण लावतं? व्यायामापुरतं मी लावलं! जाऊ बाहेरून ओरडायची, "भर दुपारी कडी लावून एकटीच काय खातंस गो?" पुढे तर बोलेनाशीच झाली. ती मान धरून कण्हायची आणि इकडे माझी जीभ वळवळायची, पण नाहीच सांगितलं. शेवटच्या दिवशी बाईंनी माप घ्यायला मान वळवायला लावली, तर ती थेट खांद्यापर्यंत वळली आणि मागे बाकावर फुगून बसलेली जाऊ दिसली. "अभ्यास संपला, आता शिकवा त्यांना," बाई हसल्या. तिथेच शिकवलं. जाऊ म्हणाली, "अगो मेले, इतके दिवस ह्या तुझ्या पोटात रवला कसा?" राहिलं खरं! म्हणून तर आज येईल-जाईल त्याला ही गोष्ट सांगायचा हक्क मी कमावलाय.