सुलतानाच्या गवताचं पाणी

बिदरच्या किल्ल्यात एका वॉचमननं आम्हाला साधा प्रश्न विचारला होता. उत्तर माझ्याकडं होतं आणि मी खोटं बोललो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही, महादेवाच्या पिंडीसमोरसुद्धा नाही. त्याला ठाऊकच असणार, म्हणून तिथं विषय काढला नाही.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. नव्या जिल्ह्यात सगळंच नवं, फक्त पाऊस नव्हता. फायली आल्या होत्या, खुर्च्या यायच्या होत्या, आणि नळाला पाणी आठ-आठ दिवस यायचं नाही. मी एका ऑफिसात नवाकोरा कारकून. आमचे साहेब पुण्याचे. त्यांना वारशाची भारी आवड. गावात टँकर आला तर ते घड्याळ बघत, पण पडकी भिंत दिसली की जीप थांबवत.

साहेबांना आपल्या हाताखाली, केबिनच्या बाहेरच्या टेबलावर, एक 'चांगल्या घरचा' माणूस हवा होता. ते टेबल मला पाहिजे होतं. म्हणून मी चांगल्या घरचा झालो. लग्न नुकतंच झालेलं, सासरे नांदेडला मास्तर. त्यांच्या घरात पुस्तकांचं कपाट होतं, सोफा होता. बोलता बोलता मी 'आमच्या नांदेडच्या घरी' असं म्हणायला लागलो. उदगीरच्या पुढच्या आमच्या खेड्याचं नाव मी ऑफिसात घेतलंच नाही. तिथं कपाट नव्हतं. तिथं अक्का होती.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, मला तिनंच वाढवलं. ती विहिरीवरून खेपा घालायची आणि मी ओट्यावर बसून पाढे म्हणायचो. मी घागरीला हात लावला की म्हणायची, "तम्मा, ठिव खाली. तुझं काम न्हाई त्ये." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. आमच्याकडं कन्नडाची हद्द अशी घरातूनच जाते. पुढं तिला बिदरच्या वाटेवरच्या गावात दिली.

एक दिवस साहेब म्हणाले, "रविवारी बिदरला जाऊ. राजवाडे पाहू. तुम्हाला माहिती आहे का तिथली?"

"आहे की साहेब," मी म्हणालो. मी बिदरला एकदाच गेलो होतो, बैल विकत घ्यायला, वडिलांबरोबर.

त्याच दिवशी मी अक्काला कार्ड टाकलं. 'रविवारी साहेबांसोबत बिदरच्या किल्ल्यात येतोय. तुला एसटीनं तासाचा रस्ता. जमलं तर ये.' लिहिलं भेटीसाठी. खरं कारण वेगळं होतं. मला जीपमधून उतरताना तिनं बघावं, एवढीच हौस होती. उतरल्यावर पुढं काय करायचं, याचा विचार मी केलाच नव्हता.

रविवारी साहेब, बाईसाहेब, ड्रायव्हर आणि मी. मी गाईड. रंगीन महालात काळ्या दगडात शिंपले बसवलेत, ते बघून बाईसाहेब म्हणाल्या, "किती नाजूक!" मी लगेच ठोकून दिलं, की सुलतान रोज सकाळी इथं बसून दूध प्यायचा आणि शिंपल्यांत उजेड पडला की दरबार सुरू व्हायचा. साहेबांनी हे वहीत उतरून घेतलं. मग मला जोर चढला. शाही मुदपाकखान्यात मी सत्तर आचारी कामाला लावले. शाही हमामात तर इतकं गुलाबपाणी ओतलं, की बाहेर येईपर्यंत माझ्याच घशाला कोरड पडली. सुलतान मेलेले असतात हे एक बरं असतं. काहीही सांगा, उठून बोलत नाहीत.

हमामाच्या बाहेर लालबाग, किल्ल्यातली जुनी बाग. आणि तिथं आम्ही सगळेच थांबलो, कारण तिथं हिरवं होतं.

त्या वर्षी आम्ही हिरवा रंग एसटीच्या फाट्यावरच्या पाटीवर बघितला असेल तेवढाच. इथं मात्र मऊ, कातरलेलं गवत, आणि एक माळी रबराच्या नळीनं त्याच्यावर भसाभसा पाणी मारत होता. आणि माळ्याजवळ, काखेत बिंदगी धरून, अक्का उभी होती.

बिंदगी का, हे सांगायला पाहिजे. त्या वर्षी आमच्याकडं कुणी भांडं घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नव्हतं. लग्नाला जाताना, दवाखान्यात जाताना, मयतीलासुद्धा बायकांच्या काखेत लहान घागर असायची. ती हीच बिंदगी. कुठं पाणी भेटेल याचा नेम नव्हता. अक्का भावाला भेटायला राजवाड्यात आली, तर भांडं घेऊन आली, यात तिचं काहीच चुकलं नाही.

तिनं मला बघितलं होतं. पँट, चष्मा, शेजारी साहेब, बाईसाहेबांची छत्री माझ्या हातात. ती हुशार. हाक मारली नाही. थांबली, मी हाक मारीन म्हणून. मी मारली नाही. मग ती माळ्याकडं वळली.

"ह्ये गवत कोन्च्या जनावराला?"

माळी हसला. "कोई नै खाता अम्मा. देखने का है."

"देखनेकू पानी?" अक्का म्हणाली. "शिवा शिवा! आन् पीनेकू?"

माळी भला माणूस. त्यानं नळीच तिच्या हातात दिली. तिनं आधी तोंड धुतलं. पाय धुतले. ओंजळ भरून डोक्यावर मारली. मग बिंदगी भरायला घेतली. भरताना एक थेंब बाहेर पडला नाही. साहेबांची जीप धुताना आमच्या ऑफिसात जेवढं पाणी वाया जायचं, त्यात तिचं घर दोन दिवस चाललं असतं.

"अहो, ती बाई बघा ना," बाईसाहेब म्हणाल्या.

साहेब म्हणाले, "हेच. राजवाडा काय, पाणवठा काय, यांना सारखंच. वारसा म्हणजे काय, कळतच नाही."

"हो ना साहेब," मी म्हणालो.

तेवढ्यात वॉचमन आला. तोही काही राक्षस नव्हता. पाणी बाहेर न्यायला मनाई होती, आणि मोठी माणसं बघत होती, म्हणून त्याला आवाज चढवणं भाग होतं. त्यानं अक्काला विचारलं, मग आमच्याकडं वळला. "अम्मा किसके साथ आए? साहब लोगां के साथ हैं तो ले जाव, मैं कुछ नै बोलता. नै तो पानी यहींच डालना."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "आपल्याबरोबर आहे का कोणी?"

समोर सोळा खांबांची मशीद होती. नावाप्रमाणं खांब खरंच सोळा आहेत का, हे मी नेमकं तेव्हाच मोजायला घेतलं. मोजता मोजता म्हणालो, "नाही साहेब. इथलीच असेल कुणी." किती खांब भरले ते आज सांगता येणार नाही.

अक्कानं ऐकलं. मधे वीस पावलांचं अंतर होतं, आणि मी मोठ्यानं बोललो होतो, साहेबांना ऐकू जावं म्हणून. ती वॉचमनला म्हणाली, "यारू इल्ला." कुणी नाही. मराठीत म्हणाली असती तर साहेबांना कळलं असतं. तिनं ते कन्नडमध्ये म्हटलं. म्हणजे ते साहेबांसाठी नव्हतं, माझ्यासाठीच होतं.

मग ती एका झाडाजवळ गेली आणि भरलेली बिंदगी बुंध्याशी हळूहळू रिकामी केली. गवतावर ओतली नाही. झाडाच्या तरी कामाला यावं म्हणून. रिकामी बिंदगी काखेला मारून दरवाज्याकडं चालू लागली. ओल्या पायांना धूळ चिकटत होती.

तख्त महाल बघायचा राहिला होता. मी तोही दाखवला. सुलतानाच्या राज्याभिषेकाला किती हत्ती होते, तेही सांगितलं.

जीपजवळ आलो, तर ड्रायव्हरनं फडक्याची गाठोडी पुढं केली. "एक बाई देऊन गेली. म्हणली, चष्मेवाल्याला द्या, त्याला भूक दम धरू देत न्हाई." ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं आणि नंतर किल्लीकडं. त्यानं कधी विषय काढला नाही.

आत शेंगाच्या पोळ्या होत्या, माझ्या आवडीच्या. बाईसाहेबांनी तीन खाल्ल्या.

"किती छान! कुणी दिल्या हो?"

"इथली एक ओळखीची बाई आहे," मी म्हणालो. त्या दिवशी अक्काच्या बाजूनं माझी मजल इथपर्यंत गेली. मीही दोन खाल्ल्या. घशाखाली उतरल्या, हेही लिहून ठेवतो.

केबिनबाहेरचं टेबल मला मिळालं. त्यावर पुढं मी घर बांधलं, पोरं शिकवली. साहेब बदलून गेले. सुलतानाच्या दुधाची गोष्ट ते बरीच वर्षं लोकांना सांगायचे, असं कानावर आलं.

अक्का त्या दिवसाबद्दल बोलली नाही. नागपंचमीला मी माहेरपणाला न्यायला गेलो की नेहमीसारखी पिशवी भरून निघायची. फरक एकच पडला. लातूरच्या माझ्या घरी ती कधी पुढच्या दारानं आली नाही. घराला वळसा घालून, नळाजवळून, मागच्या दारानं स्वयंपाकघरात. बायको दरवेळी म्हणते, "अहो, तुमच्या अक्काला सांगा की, पुढून या म्हणून." अक्का हसते. "पाय धुळीचे हायत, माय. पुढं कोन साहेबलोक बसलेलं असतंय."

बायकोला वाटतं, खेड्यातली सवय. मी पेपर उघडतो.

यंदाच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा तिचा फोन आला. सत्तरीला टेकलीय, आवाज तसाच.

"काय रं तम्मा, रेल्वेनं पाणी येतंय म्हनं तुमाला? राजेच झालाव की!"

"हाव अक्का."

"गवतावर मारताव का पेताव?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तीच म्हणाली, "एकदा त्यो राजवाडा दाव की मला नीट. त्या दिवशी नुसतं गवतच बघितलं."

"दावतो," मी म्हणालो. या गोष्टीला दोन महिने झाले. मी अजून नेलेलं नाही. गुडघ्यांचं कारण तिच्याकडं आहे, माझ्याकडं तेही नाही.

मला अक्काला बिदरला न्यायचं आहे, बायको-पोरांना सोबत घेऊन. दारावर कुणी विचारो न विचारो, सगळ्यांच्या देखत सांगायचं आहे, की ही माझी अक्का, माझ्याबरोबर आहे. आणि परत आल्यावर तिला माझ्या घरात पुढच्या दारानं घ्यायचं आहे. एवढं, आणि एक बिंदगी पाणी, मी तिचं देणं लागतो.