वहिनीची पाठ

माझं तोंड फटकळ, हे सगळ्या वाडीला ठाऊक. पण त्या वर्षी मी जे बोलले ते फटकळपणाने नव्हे. मला ते अगदी खरं वाटत होतं, आणि त्याचीच जास्त लाज वाटते.

नोकरी सोडून मी मालवणला भावाच्या घरी येऊन पडले होते. आंघोळीचं भान नाही, पेजेचा घोट उतरत नाही, नुसतं रडू. एका तिन्हीसांजेला वहिनीने मला पाटावर बसवलं, मीठ-मोहऱ्या-मिरच्या मुठीत घेऊन माझ्यावरून उतरवल्या आणि तडक मागच्या दारी चुलीकडे गेली. एक शब्द नाही, वळून बघणं नाही.

दृष्ट काढणारीने बोलायचं नसतं, मागे बघायचं नसतं. हे काय मला नव्याने कळायचं होतं? भाच्यांची दृष्ट इतकी वर्षं मीच काढत आले. पण त्या दिवशी मला दिसली ती फक्त तिची पाठ. हिला माझा वीट आलाय, हेच डोक्यात बसलं आणि जेवताना मी ते भावाला सांगितलं. भाऊ माझ्यासारखाच तापट. तो तिला नको नको ते बोलला. ती भरल्या ताटावरून उठली आणि सकाळी एसटीने वैभववाडीला माहेरी गेली. तेव्हाही मी म्हटलं, बघा, गेलीच ना कंटाळून.

कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी पुढे समजावलं, की नैराश्यात मेंदू वाईट तेवढं चटकन उचलतो. साधा चेहराही रागावलेला दिसतो, आणि समोरच्याची माया दिसत असून आत पोचत नाही. ऐकताना मला वहिनीची मूठ आठवली. त्या मुठीत मिरच्या मावत नव्हत्या.

वैभववाडीला जाऊन मी तिचे पाय धरले. ती एवढंच म्हणाली, "बाय, तुझा दुखणा होता ता. पण तुझ्या भावान माका एकदा इचारूक होया होता." ती परत आली. आजाराचं नाव पुढे करून मी मात्र सुटत नाही.

गेल्या आठवड्यात मीच तिला म्हटलं, माझी दृष्ट काढ. तिने काढली, मूठ मिटून निघाली आणि उंबऱ्याशी थांबली. मागे बघितलं की दृष्ट निघत नाही, यावर तिचा पक्का विश्वास. तरी ती वळली आणि माझ्याकडे बघून हसली.