मशीनची का तुमची?

सलीमभाई रेखाच्या मशीनखाली वाकले होते. हातात पाना, कपाळावर घाम. आणि मागच्या लायनीत बायका तोंडाला ओढणी लावून खुदुखुदु हसायल्या होत्या.

"रेखाताई, मशीन तर झकास चालायलीय. बिघाड कुठं आहे?"

"मला काय माहीत? म्या न्हाय बोलावलं तुम्हाला."

"मग हे काय?" सलीमभाईंनी मोबाईल पुढं केला. त्यावर लिहून आलं होतं, अडचण, तातडीनं बघा.

रेखानं मान खाली घातली, ती वर केलीच नाही.

"शकूकाकू, समजावा हिला. रोज कुणाच्या ना कुणाच्या मशीनखाली शिरायचं, आन् मशीनला काय झालेलंच नसतंय. माझे गुडघे गेले," असं मला सांगून मेकॅनिक आपले निघून गेले.

आता तुम्हाला आधी आमचं काम सांगते. मुरुम गावात आमचं शिलाईचं युनिट आहे. सोलापूरच्या व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी येतात, आम्ही शाळेचे गणवेश शिवतो. मी इथली लाईन सुपरवायझर. लाईन म्हणजे काय, तर अख्खा शर्ट एक बाई शिवत नाही. एक कॉलर लावते, दुसरी बाही, तिसरी काज करते. शर्ट हातोहात पुढं सरकतो. मधली एक थांबली की पुढच्या सगळ्या रिकाम्या. शिवणाच्या क्लासला मी कधी गेले नाही. जुने ब्लाऊज उसवून उसवून शिकले. मोबाईलही तसाच शिकले, एक एक बटण घाबरत दाबून.

तर आमच्या मालकांची, म्हणजे अप्पांची मुलगी अश्विनी. पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते. ती सुट्टीला आली आणि तिनं आमच्यासाठी एक एआय बसवलं. एआय म्हणजे, मला कळलं तसं सांगते, ढीगभर माणसांचं बोलणं ऐकून बोलायला शिकलेलं यंत्र. आपल्या मोबाईलमध्ये आपल्या भाषेत बोलायचं, ते बाईच्या आवाजात उत्तर देतं. सुट्टी पाहिजे, लेकराला ताप आहे, काम झेपत नाही, काहीही सांगा. ते कामाची अदलाबदल करून देतं, जरूर पडली तर माणूस पाठवतं.

अश्विनी सगळ्यांना बसवून म्हणाली होती, "लाजू नका. काहीही अडचण असली की हिला सांगा."

बायकांनी त्या आवाजाला लगेच नाव ठेवलं, वन्सं. का, तर सगळं गोड बोलून ऐकून घेते, आत जाऊन काय सांगते कुणास ठाऊक!

मला मात्र त्या वन्संचं पहिल्या दिवसापासून लई कौतुक. म्हटलं, जन्मभर मालकाच्या केबिनच्या दारात पदर सावरत उभं राहण्यापेक्षा हे बरं.

तर सलीमभाई गेले आणि थोड्या वेळानं अप्पांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कॉम्प्युटरकडं बोट दाखवत म्हणाले, "काकू, ह्या रेखाची मशीन बघा. सगळ्यात जास्त बिघाड तिचा. सलीम म्हणतोय मशीनला काय झालेलं न्हाय. म्हणजे पोरगी काम चुकवायलीय."

"तशी न्हाय ओ ती, अप्पा."

"मग कशी आहे? ह्या आठवड्यानंतर तिला येऊ नको म्हणा. तुम्हीच सांगा, मला बायकांशी वाद नको."

या कामाच्या जोरावर रेखानं लेकीला मुरुमच्या शाळेत घातलं होतं, खोली घेऊन राहत होती. काम सुटलं की दोघींची बोळवण पुन्हा सासरच्या वस्तीवर, आणि लेकीची शाळा तिथंच संपली.

मी तिला धागे कापायच्या टेबलामागं नेलं. "खरं सांग, वन्संला तू काय बोलतेस?"

ती इकडंतिकडं बघून कुजबुजली, "काकू, त्या दिवसांत दिवसभर पॅडल मारवत न्हाय. मांड्या भरून येतात. अश्विनीताई म्हणल्या अडचण असली की सांगा. म्या सांगितलं, अडचण आहे. ती म्हणली, मशीन बंद ठेवा, मदत पाठवते. म्या ठेवली बंद. म्हटलं, वन्संला दया आली."

"आन् मदत म्हणून?"

"सलीमभाई आले!"

अगं बाई! मी तिथंच खाली बसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आपल्याकडं पाळी आली असं कोण बोलतं? अडचण आली, एवढंच. वन्संला वाटलं मशीनची अडचण. एकट्या रेखाचं नव्हतं हे. अर्ध्या लायनीनं हेच केलं होतं. म्हणून त्या हसत होत्या, आणि म्हणूनच एकीनंही तोंड उघडलं नव्हतं.

रेखानं माझा हात घट्ट धरला. "अप्पांपुढं माझं काय बोलू नका हो काकू. त्यापरीस काम गेलेलं पुरवलं."

मी अश्विनीला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग असं हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"काकू, मीसुद्धा घरी अडचणच म्हणते! आणि मला हे सुचलं नाही? थांबा, मी बाबांशी बोलते. तुम्ही समोर बसा."

फोन स्पीकरवर ठेवून मी अप्पांपुढं बसले. अश्विनीनं कॉम्प्युटरच्या भाषेत सुरुवात केली. शब्दाचा अर्थ, चुकीचा गट, असलं काहीतरी. अप्पांच्या डोक्यावरून गेलं.

"अगं, अडचण म्हणजे बिघाडच की!"

मग मला राहवेना. म्हटलं, "अप्पा, घरात वैनी अडचण आहे म्हणल्या, तर तुम्ही मेकॅनिक बोलावता का?"

फोनमधून अश्विनीचं दाबलेलं हसू. अप्पांनी आधी पंख्याकडं बघितलं, मग टेबलाकडं, मग टेबलावरचं कॅलेंडर उगाच सरळ केलं.

"म्हणजे ते सगळे बिघाड..."

"अर्ध्या लायनीचे आहेत. एकट्या रेखाचे न्हाईत."

"बरं, बरं." अप्पा उठलेच. "तिला काय सांगू नका मग. येऊ द्या कामावर. आन् ते, काय ते, दुरुस्त करून घ्या तुम्ही दोघी. मला विचारू नका."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही हॉलचं दार लावून घेतलं, मोबाईल मधोमध ठेवला. पलीकडून अश्विनी. बायकांनी वन्संची शिकवणी घेतली. काय मजा आली म्हणून सांगू! एक म्हणाली, आमच्यात बाजूला बसले म्हणतात. म्हातारी गंगूबाई म्हणाली, कावळा शिवला. शरणव्वा म्हणाली, आमच्या कानडीत मुट्टु. कावळा ऐकल्यावर वन्संनं विचारलं, "तुम्हाला इजा झाली का?" हॉलमध्ये नुसता हशा पिकला.

शेवटी रेखानं विचारलं, "ताई, हे अप्पांना दिसणार?"

"काय कारण आहे, ते कुणालाच दिसणार नाही. आज अमकी धागे कापायला, एवढंच दिसेल."

मी अश्विनीला ते माझ्या मोबाईलवर दाखवायला लावलं. नुसत्या शब्दावर मी कापडसुद्धा घेत नाही.

तेव्हापासून अडचण म्हटलं की वन्सं हळूच विचारते, "मशीनची का तुमची?" तुमची म्हटलं की पॅडलवरून उठवून धागे कापायला बसवते आणि तिकडची एक इकडं आणते. लाईन थांबत नाही. आणि मशीनची म्हटलं की सलीमभाई आता खरोखरच्या मशीनखाली शिरतात.

एकदा रेखा मोबाईल घेऊन माझ्याकडं आली. वन्संनं तिला विचारलं होतं, "तुमची अडचण फार लवकर लवकर येतेय. थकवा वाटतो का? एकदा डॉक्टरांना दाखवा." आम्ही दोघी उमरग्याला सरकारी दवाखान्यात गेलो. अंगात रक्त लई कमी निघालं. गोळ्या, तपासण्या सुरू झाल्या. रोज आमच्या डोळ्यांपुढं ती पांढरी पडत चालली होती, आणि आम्ही सगळ्या म्हणत होतो, रेखा उजळली!

आता ती कॉलर लावते. लाईनमधलं सगळ्यात अवघड काम. लेक त्याच शाळेत आहे, आमच्याच युनिटचा गणवेश घालून जाते.

परवा अप्पा लाईनवर फिरत होते. सलीमभाई भिंतीला टेकून गप्प बसलेले दिसले. अप्पा थांबले. "काय सलीम, काय अडचण?"

"मशीनची का माझी, अप्पा?"

अप्पा जरा घुटमळले. मग स्टूल ओढून त्यांच्यापाशी बसले आणि म्हणाले, "तुझी सांग."

माझ्या अनुभवाचं सार विचाराल तर एवढंच. कारखान्यात नवं सॉफ्टवेअर आणलं की त्याला आधी घरातले शब्द शिकवा. नाहीतर मेकॅनिकचे गुडघे जातात.