स्वस्त रोलमधला दादा

डाळिंबाच्या धंद्यात मी रंगावर जगतो. क्रेट उघडलं की पहिली नजर लालीवर जाते आणि निम्मा भाव तिथंच ठरतो. अशा माणसाच्या हातात काळापांढरा रोल आला, तो केवळ स्वस्त होता म्हणून. भंगारातून हुज्जत घालून घेतलेला जुना कॅमेरा घरात पडून होता. त्यात घालायच्या रंगीत रोलची किंमत ऐकून मी पुण्याच्या दुकानदाराच्या अंगावर ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "मग हा न्या. लांब रिळातून तुकडे कापून मी स्वतःच जुन्या डब्यांत भरतो." तोही मी घासाघीस करूनच घेतला.

पहिला रोल बागेतच संपवला. न्हाणीघरात अंधार करून धुतला, निगेटिव्हचे मोबाईलवर फोटो घेऊन काळ्याचं पांढरं करून पाहिलं. लाल फळ आणि हिरवं पान एकाच राखाडी रंगाचं! ज्या लालीसाठी मी जन्मभर शेतकऱ्यांशी भांडलो, ती नाहीशी झाली होती. उरलं होतं फळाच्या गालावरचं ऊन, वरच्या मुकुटाच्या कातरलेल्या पाकळ्या, सालीवरचा केसाएवढा ओरखडा. रोज हातातून जाणारा माल मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

पुढच्या रोलची अजून सुरुवातच होती, तेव्हा निरवांगीहून, आमच्या गावाहून, वहिनींचा फोन आला.

"भावजी, मंगळवारी ह्यांना आपरेशनला न्यायचंय. डाव्या जबड्याचं हाड काढनार हायेत. तोंड पैल्यासारखं ऱ्हानार न्हाय म्हनत्यात. मोबाईल वर केला की तोंड फिरवत्यात. तुमी या, एक तरी फोटो काढा."

दादाशी माझं बोलणं बंद होतं. बारामतीच्या मार्केटात, चारचौघांत, तो म्हणाला होता, "ह्येला फळाचा भाव कळतो, मानसाचा न्हाय." शून्यातून गाळा उभा केला मी, आणि सख्ख्या भावानं हे सर्टिफिकेट दिलं. मी ते विसरलेलो नाही. तरी गाडी काढली. ते वाक्य त्याच तोंडातून निघालं होतं, पण ते तोंड आता बदलणार होतं.

दादा गोठ्याच्या दारात बाजेवर बसला होता. डावा गाल सुजलेला, गळ्याभोवती पांढरा टॉवेल. कॅमेरा बघून म्हणाला, "रंगीत हाय का?"

"काळापांढरा."

"आसं व्हय! मग हार कुठाय? हार बी आनायचा की संगट."

आमच्याकडे काळापांढरा, एकट्या माणसाचा फोटो भिंतीवर लागतो तो माणूस गेल्यावरच. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला राग आला, स्वतःचाच, आणि तो निघाला दादावर.

"नको तर नको! मला बाकीची कामं न्हाईत काय?" मी कॅमेऱ्याचं झाकण लावलं.

"बघितलंस? आजून तसाच," दादा वहिनींना म्हणाला. "तव्यावरचं पानी. बस खाली. किती काढनार?"

"अख्खा रोल."

"येडा हायेस का? एक काढ."

"एकात काय येतंय?"

दादानं गळ्यातला टॉवेल काढला, स्वतःच्या उजव्या हातावर टाकला आणि हात पुढं केला. जनावरांच्या बाजारात तो असाच सौदा करायचा, कापडाखाली, बोटं दाबून, कुणाला आकडा कळू न देता. मी टॉवेलखाली हात घातला आणि त्याची पाचही बोटं धरली. त्यानं ती सोडवून माझं एक बोट धरलं. मी पुन्हा पाच धरली. त्याचा हात कोरडा, खरखरीत होता आणि पूर्वीपेक्षा हलका झाला होता. आम्ही एकमेकांना शेवटचं कधी शिवलो होतो, मला आठवेना. शेवटी त्यानं माझी तीन बोटं घट्ट दाबली आणि लवकर सोडली नाहीत.

पहिल्या फोटोला तो दगडासारखा बसला. दुसऱ्याला वहिनींवर खेकसत होता. तिसऱ्याच्या वेळी मी उजेड बघत मागं सरकलो आणि शेणात पाय घातला. दादा सुजलेल्या गालासकट हसला. मी बटण दाबलं.

घरी येऊन थेट न्हाणीघरात शिरलो. तीनच फोटो, दुकानदारानं हातानं भरलेला रोल, आणि मंगळवारनंतर तो चेहरा पुन्हा मिळणार नव्हता. रसायन मोजून ओतलं. ओली फिल्म बाहेर काढून मी खिडकीशी धरली.

आधी डाळिंबं दिसली. त्यांच्या पुढच्या चौकटींत दादा. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं हे मला माहीत होतं, पण हे माहीत नव्हतं. त्याचे पांढरे केस काळेभोर झाले होते, मिशी काळी, दाट. माझ्या लग्नात पुढं उभा राहून पाहुण्यांना दरडावणारा तरुण दादा बोटाएवढ्या चौकटीत खदाखदा हसत होता. मी श्वास रोखून बघत राहिलो, माझ्या श्वासानं तो पुसला जाईल असं वाटून.

फोन लावला.

"आला का?" दादानंच उचलला.

"आलाय. मिशी काळी हाय तुझी."

पलीकडे बाज करकरली.

"खरं म्हनतूस?"

"डोळ्यानं बघतोय."

"मग मंगळवारच्या आदी घिऊन ये," तो म्हणाला. "मला बघू दे."

बायको बाहेरून दार वाजवत होती, आंघोळीचं पाणी गार होतंय म्हणून. मी दार उघडलं नाही. वाळेपर्यंत त्या फिल्मवर धुळीचा कण बसू द्यायचा नव्हता.