रंगनाथरावांच्या नावाच्या दोन नोंदी

मी लिंबाजी सटवाजी कांबळे, वय एक्क्याऐंशी, चौथी पास, रस्त्याच्या कामावरील निवृत्त मुकादम, मुक्काम देवगाव फाट्याजवळ, या व्हॉट्सॲप गटावरील सर्व गावकऱ्यांना खरे तेच लिहितो.

आपले रंगनाथराव काल वारले. सकाळपासून गटावर श्रद्धांजली चालू आहे. मलाही दोन शब्द लिहायचे होते. माझ्या आठवणी मी मोबाईलमधील नोंदींच्या ॲपमध्ये लिहून ठेवतो. एकाच माणसाच्या नोंदी एकमेकींना कशा जोडाव्यात, हे आज नात प्रज्ञाने शिकवले. मी रंगनाथरावांचे नाव दिले.

दोन नोंदी शेजारी शेजारी आल्या.

पहिली शाळेची. गुरुजी मला वर्गाबाहेर बसवीत. एके दिवशी रंगनाथराव उठून माझ्याजवळ येऊन बसले व त्यापायी त्यांनी छड्या खाल्ल्या.

दुसरी नामांतराच्या दंगलीची. आमच्या घरावर रॉकेल ओतणारे हात त्यांचेच होते.

प्रज्ञाने विचारले, "आबा, हे दोघं एकच हायत का?"

"एकच."

"मग गटावर कोणती टाकायची?"

आमच्या मंडळी म्हणाल्या, "समदे म्हणतेल शाळंची टाका, मेलेल्याचं वाईट बोलू नये. घर पेटिवलं तवा मेला न्हवता की."

म्हणून दोन्ही येथे लिहिल्या आहेत. यातील एक काढावी असे ज्यास वाटते, त्याने कोणती ते येथेच सांगावे.

लिहिताना हजर: नात प्रज्ञा आणि पत्नी गयाबाई. घर जळत होते तेव्हाही गयाबाई हजर होत्या.