कुयलीनं राखलेली वाडी

कुयली नमस्काराला नमस्कार कधी करत नसे. समोर माणूस दिसला की आधी एक शिवी, मग काय ते काम. "मुडद्या, आलास? बस." हे तिचं पाहुण्याचं स्वागत. ज्याला ती शिवी देत नसे त्यानं समजून घ्यावं की ती आपल्याला माणसात धरत नाही. मला ती "भवाने" म्हणायची. माझी आई गेली तेव्हाही मला कुशीत ओढून "भवाने, रड" एवढंच म्हणाली. इतक्या मायेनं मला परत कोणी रडायला सांगितलेलं नाही.

तिचं खरं नाव बुधी. माझ्या बापाची ती मावशी. वाडीत सगळे तिला बाय म्हणत. कुयली हे नाव शेठनं ठेवलेलं. खाजकुयलीच्या शेंगेला अंग लागलं की माणूस दिवसभर खाजवत बसतो, तसं हिच्याशी बोललं की होतं, असं तो चारचौघांत हसून सांगायचा. तिला वाईट वाटेल अशी त्याची समजूत. पण तिनं ते नाव दागिन्यासारखं मिरवलं. "हां, कुयलीच हाय मी. हात लाव नि बघ," म्हणायची.

शेठ म्हणजे आमची कातकरीवाडी ज्याच्या जागेत आहे तो. आमचे आजे-पणजे त्याच्या आज्याच्या शेतावर राबत, म्हणून बांधाच्या कडेला त्यांना झोपड्या घालू दिल्या. तेव्हापासून आम्ही तिथं आहोत आणि कागदोपत्री कुठंच नाही. वाडी अगदी दोन तालुक्यांच्या हद्दीवर. रस्ता मागायला गेलं तर शहापूरवाले म्हणत तुम्ही मुरबाडचे, आणि मुरबाडवाले म्हणत तुम्ही शहापूरचे. मत मागायला मात्र दोन्हीकडचे येत.

शेठ कधी आवाज चढवत नसे. "काय बाय, बरं आहे ना?" असं विचारल्याशिवाय वाडीवरून जात नसे. वाडीतले लोक त्याच्या या गोडव्यावर विरघळायचे. कुयली त्याच्या पाठीमागे थुंकायची, आणि तो वळला तर समोर थुंकायची. "गोड बोलनारा मानूस कदी उपाशी बघितलाय का गो?" ती मला विचारायची. मी आजवर शोधते आहे. मला एकही सापडलेला नाही.

दान करायला येणाऱ्यांचाही तिला तितकाच तिटकारा. एकदा मुंबईची काही मंडळी गाड्या भरून ब्लँकेटं घेऊन आली, तीही फाल्गुनात. त्यांना थंडी आठवली तेव्हा आमची सरली होती. एक बाई कुयलीच्या हातात ब्लँकेट देऊन फोटोसाठी उभी राहिली आणि म्हणाली, "हसा ना आजी." कुयली म्हणाली, "कशाला हसू? तुमाला का मला?" बाई चांगली होती बिचारी, तिनं विषय बदलला. पाणी कुठून आणता म्हणून विचारलं. आमच्या टेकाडावरून धरण दिसतं, त्याचं पाणी मुंबईला जातं. कुयलीनं तिकडं बोट केलं. "तुमचं पिऊन झालं का आमी भरतो." तो फोटो कुठं छापून आल्याचं ऐकलं नाही.

दिवाळी झाली की वाडीत ट्रक येतो. भांडी, कोंबड्या, पोरं, सगळं त्यात चढतं आणि वीटभट्टीवर जातं, ते पावसाच्या तोंडावर परत येतं. कुयली कधी गेली नाही. तिच्या बहिणीची वाडी होती डोळखांबच्या अंगाला. ती माणसं एका साली भट्टीवरून परतली तर झोपड्यांच्या जागी तारेचं कुंपण आणि आंब्याची कलमं. त्या दिवसापासून कुयलीनं ठरवलं की आपली वाडी ओस पडू द्यायची नाही. रिकाम्या वाडीत ती एकटी राहायची आणि रोज पाळीपाळीनं एकेकाच्या घरात जाऊन चूल पेटवायची. "घरातून धूर निगला पायजे. लांबून दिसतं," म्हणायची. मलाही तिनंच ट्रकमधून खाली खेचलं होतं. "ही भवानी शाळंत जाईल. तू जा इटा पाडाया," असं माझ्या बापाला सुनावून. म्हणून मी आज वाशिंदला कारखान्यात पॅकिंगला आहे आणि हे लिहू शकते आहे. माझ्या बरोबरीच्या मुली भट्टीवरच बाळंत झाल्या.

तिचा दोष एकच. ती सगळ्यांनाच शिव्या द्यायची, त्यामुळे खरी वेळ आली तेव्हा तिच्या शिवीला वजन उरलं नव्हतं.

आमच्या बाजूला बंगल्यांचे प्लॉट पडायला लागले ते अलीकडे. दिवाळीच्या सुमारास शेठ मिठाई घेऊन वाडीत आला. म्हणाला, "मी तुम्हाला नवी पत्र्याची घरं बांधून देतो. तुम्ही जाण्याआधी जुनी मोडून जागा मोकळी करून ठेवा. परत याल तेव्हा नवी घरं तयार." कुयली कडाडली, "याच्या तोंडात साखर हाय नि पोटात कुंपन. नका मोडू रे मुडद्यांनो!" तिचा पुतण्या काशा हसून म्हणाला, "बायला मिठाईपन कडू लागते." सगळे हसले. आणि आमच्याच माणसांनी, आमच्याच हातांनी, कारवीचे कुड उपटले, पेंढा उतरवला, घरं भुईसपाट केली. शेठनं बोटही लावलं नाही. मला अजून त्या हसण्याचा राग येतो.

चुली तेवढ्या कोणी मोडल्या नाहीत. आमच्यात नवं घर घातलं की जुन्या चुलीची माती नव्या चुलीत कालवतात, मगच ती पेटवतात. त्यामुळे ट्रक गेला तेव्हा माळावर कुयलीची एक झोपडी आणि बाकी उघड्या आभाळाखाली नुसत्या चुली. शेठ दुसऱ्याच दिवशी गडी घेऊन त्या काढायला आला, तर ही कोयती घेऊन बसलेली.

थंडीत जीपवाल्याकडून मला निरोप आला की जागा ओस आहे, तिथं कोणी राहत नाही, हे दाखवायला शेठ तालुक्याच्या साहेबाला आणणार आहे. मी रजा टाकून गेले. पोचले तेव्हा माळावर सगळ्या चुली पेटलेल्या. कुयली पहाटेपासून कौलाच्या तुकड्यावर निखारे घेऊन या चुलीवरून त्या चुलीवर फिरत होती. प्रत्येकीवर काहीतरी चढवलेलं होतं, कुठं फुटक्या काठाचं मडकं, कुठं तेलाचा डबा.

साहेब गाडीतून उतरला आणि बघतच राहिला. "मावशी, इथं तर घरं नाहीत."

"घरं याच्या सांगन्यावरून मोडली. चुली दिसतात ना? मंग इचारा कोनाची कंची." आणि ती साहेबाला चुलीचुलीवरून फिरवत सांगू लागली. "ही काशाची. ही काळीची, तिला पोर झालंय. ही या भवानीच्या बापाची."

"पण माणसं कुठं आहेत?"

"तुमच्या बंगल्याच्या इटा पाडाया गेलीत."

शेठ हळूच म्हणाला, "साहेब, म्हातारी भ्रमिष्ट आहे." साहेबानं वाकून एका डब्याचं झाकण उचललं. "यात नुसतं पाणीच आहे."

"आमच्यात लई दिस तसंच असतं," कुयली म्हणाली.

साहेबानं झाकण परत ठेवलं. त्या दिवशी जागा ओस ठरली नाही, एवढंच. आम्हाला ती मिळालीही नाही. पण पावसाच्या तोंडावर माणसं परतली तेव्हा उतरायला जमीन होती. पत्रे अर्थातच नव्हते. आणि माझी शहाणी वाडी कुयलीवरच उलटली. "तुझ्या तोंडापायी शेठ बिथरला, नायतर पत्र्याची घरं भेटली असती," असं काशा तिला तोंडावर म्हणाला. ती त्याच्या कुडाला माती लिंपत होती. लिंपता लिंपता तिनं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, पण हात थांबवला नाही.

पुढच्या पौषात, म्हसा गावची जत्रा भरली होती त्या दिवसांत, ती गेली. वाडीत कोणी नव्हतं. गुराख्यांना दिसली. मी पोचले तर बाजूच्या गावातून खांदा द्यायला एक माणूस येईना. जत्रेला जायचं म्हणे. भट्टीवर फोन केला तर मुकादम म्हणाला, भट्टी लागलीय, कोणी हलणार नाही. मी फोनवरच त्याला शिवी दिली. पण काशानं ती गेल्याचं ऐकलं आणि कामावरून तसाच निघाला. त्याच्या मागून सगळे निघाले. पोरंबाळं घेऊन, मजुरी तिथंच टाकून, सकाळी वाडीत हजर झाले.

आमच्यात माणूस पुरतात, आणि पुरायची जागा ओढ्यापलीकडं आहे. काशानं तिकडं पाहिलंही नाही. वाडीसमोरच्या मोकळ्या माळावर शेठनं फक्कीच्या रेघा मारून प्लॉट आखून ठेवले होते. रस्त्याकडच्या पहिल्याच प्लॉटात त्यानं कुदळ घातली. शेठ धावत आला. "अरे काशा, लेका, मशान पलीकडं ना तुमचं? ऐक माझं." काशा शेठसमोर कधी ताठ उभा राहिला नव्हता. आताही तो वाकलेलाच होता, खणत होता. "शेठ, पाय काढा," तो म्हणाला, "माती पडंल अंगावर."

आम्ही तिथं तिला ठेवलं आणि वर दगड रचले. अजूनही रविवारी मुंबईच्या गाड्या येतात. गिऱ्हाईक उतरतं, डोंगर बघून खूश होतं, आणि मग विचारतं, हे दगड कसले. काशा किंवा काळी, जे कोणी जवळ असेल ते सांगतं, "मानूस पुरलाय. आमची बाय." गिऱ्हाईक गाडीत बसतं. शेठ अजून गोड बोलतो, पण प्लॉट एकही गेलेला नाही.