उलट्या कोंबड्या

ऐंशीच्या दशकात, बी.ए. झाल्या झाल्या मी अंधेरीच्या एमआयडीसीत एका कपड्यांच्या कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागले. नसत्या चौकशा करायची खोड मला लहानपणापासूनच. घानाहून एक व्यापारीण येणार म्हटल्यावर चहा घेऊन आत जायला मीच पुढे! मालकांनी मग मला कटिंग मास्तरांसाठी दुभाषी म्हणून तिथेच बसवलं.

बाई पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. त्यांनी टेबलावर स्वतःचं छापील कापड उलगडलं. पिवळ्यावर लाल कोंबड्या, मागे पिल्लांची रांग.

"आमच्याकडे कापडाला नाव असतं," त्या म्हणाल्या. "याचं नाव, 'आई चालते, घर चालतं'. आमची नक्षी युरोपातल्या गिरण्या छापतात आणि आम्हालाच विकतात. मला माझं कापड माझ्या नावाने त्यांच्या दुकानांत विकायचंय."

"मग शिवायला इतक्या लांब का आलात?" मी विचारलंच.

"तुमचा माल लंडनला जातो. तिथल्या बायकांची मापं तुम्हाला पाठ आहेत."

लंडनचं एक दुकान बाईंच्या झग्यांचे नमुने बघायला तयार होतं. दुसरी संधी मिळणार नव्हती, आणि कापड होतं तेवढंच.

मास्तर मालवणकडचे. कापड फुकट घालवणं त्यांच्या लेखी पाप. त्यांनी एक तुकडा सुलटा, एक उलटा असे खेटून बसवले आणि सगळं कापड बेतून कापून टाकलं. "बाईक सांग, केवढो कपडो वाचयलंय!"

मी कौतुकाने सांगितलं. बाई मात्र तुकड्यांकडे बघत राहिल्या. अर्ध्या कोंबड्यांचे पाय वर होते.

"तुमच्याकडे कोंबडी अशी उलटी कधी दिसते?" त्यांनी मला विचारलं.

मला रविवारचा बाजार आठवला. पाय धरून, पिशवीशेजारी लोंबकळत घरी नेतात ती कोंबडी. "विकली गेल्यावर," मी म्हणाले.

"तेच. विकलेली कोंबडी घेऊन मी लंडनला कशी जाऊ?"

मास्तरांना मी हे जपूनच सांगितलं. मालक मात्र पक्के व्यापारी. म्हणाले, "मॅडम, ही डोकेदुखी कशाला? नक्षीच आम्हाला विकून टाका. आम्ही इथेच छापू."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एक उलटा तुकडा उचलून त्यांनी सुलटा धरला आणि मास्तरांपुढे केला. कोंबड्या सुलट्या झाल्या, पण झग्याचा घेर वर गेला. "यातून काय निघेल?" त्यांनी विचारलं.

मास्तर बराच वेळ टेप लावत बसले. "चेडवांचे फ्रॉक होतले," ते शेवटी म्हणाले.

लहान मुलींचे फ्रॉक! बाई खदखदून हसल्या. आईचा झगा आणि लेकीचा फ्रॉक, एकाच कापडाचे. लंडनच्या दुकानाने ती जोडी थेट दर्शनी काचेत लावल्याचं पुढे कळलं, तेव्हा मास्तरांनी कारखानाभर पेढे वाटले.

पुढच्या वर्षी बाई पुन्हा आल्या. मालक मोठ्या ऑर्डरची वाट बघत होते. बाईंनी मात्र शिलाई मशिनींची चौकशी केली आणि सहा महिन्यांसाठी मास्तरांना मागितलं. त्यांच्या गावात कारखाना उभा राहत होता, तिथल्या मुलींना कटिंग शिकवायचं होतं. मला खरंच वाईट वाटलं.

"आमचं काम आवडलं नाही का?" मी विचारलं.

"आवडलं म्हणून तर शिकायचंय."

"म्हणजे आमच्याकडून शिकून आमचाच धंदा नेणार?" मालक इंग्रजीत उसळले.

बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही कोणाकडून शिकलात?"

बोलण्यातला 'मास्तर' एवढाच शब्द कळलेले मास्तर माझ्या कानाशी लागले, "काय म्हणता गे ती? माका खंय नेतली?"